दादासाहेब फाळके आणि वाटाण्याची कुंडी

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला सगळ्यात आधी काय आठवतं? पुरस्कार! एखाद्या ज्येष्ठ कलाकाराला तो जाहीर होतो, टीव्हीवर बातमी येते आणि आपण चॅनल बदलतो. फार तर जी.के.च्या गाईडमधला एक मार्काचा प्रश्न आठवतो. भारतातला पहिला चित्रपट कोणता? उत्तर : ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारख्या मुलीला तर फाळके एवढेच माहीत होते.

पुढे कॉलेजात आल्यावर फोटोग्राफीचा नाद लागला. शटर, फ्लॅश, एक्सपोजर हे सगळं शिकताना कुठेतरी वाचनात आलं की ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी फाळक्यांनी आणखी एक छोटीशी फिल्म केली होती. तिच्यात राजा नाही, राणी नाही, ऋषी नाही. हीरो कोण, तर कुंडीत लावलेला एक वाटाणा! मित्रमैत्रिणींनो, मला वाटतं की आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरांना खरे फाळके या कुंडीपाशीच भेटतात. म्हणून हा लेख.

पण कुंडीकडे जाण्याआधी थोडा फंडा क्लिअर करून घेऊ.

कॅमेऱ्याला गती दिसत नाही. त्याला फक्त प्रकाश कळतो, आणि तो प्रकाश किती वेळ आत आला हे कळतं. त्यामुळे हलणारी वस्तू पकडायची असेल तर दोनच टोकं आहेत. एक टोक म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. रात्री सीताबर्डीच्या उड्डाणपुलावर ट्रायपॉड लावून दहा सेकंदांचा फोटो काढा. गाड्या दिसणारच नाहीत, दिसतील फक्त लाल-पांढऱ्या दिव्यांच्या रेघा. १८३८ साली दागेर नावाच्या फ्रेंच माणसाने खिडकीतून पॅरिसच्या रस्त्याचा फोटो काढला, तेव्हा एक्सपोजर काही मिनिटांचं होतं. रस्ता भर रहदारीचा, पण फोटोत तो रिकामा दिसतो! बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा उमटला, कारण तो एका जागी उभा होता. जो थांबला तो उरला, बाकीचे पुसले गेले.

दुसरं टोक म्हणजे प्रकाशच क्षणभर द्यायचा, म्हणजे फ्लॅश. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी पेटवून लख्ख उजेड पाडायची युक्ती निघाली. मग १९३०च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमधल्या हॅरॉल्ड एजर्टन या इलेक्ट्रिकल इंजिनिअरने कपॅसिटरमध्ये साठवलेला चार्ज वायूच्या नळीतून एका झटक्यात सोडला आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळीसुद्धा पुढे फोटोत स्थिर करून दाखवली. हिशोब सोपा आहे. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी स्कूटर सेकंदाला १० मीटर जाते. शटर एक तीसांश सेकंद उघडं असेल तर तेवढ्यात ती ३३ सेंटिमीटर सरकते आणि फोटोत फराटा उमटतो. उजेड सेकंदाचा फक्त हजारावा भाग असेल तर ती एकच सेंटिमीटर सरकते, फोटो कडक येतो. आपल्या गॅदरिंगमध्ये दोन्ही एकत्र करून बघा. शटर एक सेकंद उघडं ठेवा आणि ते बंद होण्याच्या अगदी आधी फ्लॅश मारा. नाचणारी व्यक्ती स्पष्ट येते आणि तिच्या मागे तिच्याच हालचालीची शेपटी येते.

तिसरा मार्ग म्हणजे एकच फोटो न काढता ओळीने पुष्कळ फोटो काढायचे. १८७८ साली मायब्रिजने धावत्या घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे लावले आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात हे सिद्ध केलं. यातूनच पुढे सिनेमा आला. आणि इथेच आपले फाळके येतात.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. मुलाचा कल चित्रकलेकडे, म्हणून १८८५ साली त्याला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घातलं. तिथून बडोद्याचं कलाभवन. तिथे फाळके तैलचित्रं शिकले, मॉडेलिंग शिकले, वास्तुकला शिकले, आणि १८९०च्या सुमारास हातात कॅमेरा आल्यावर फोटो काढणं, धुणं, छापणं सगळं शिकले. मग तीनरंगी ब्लॉक करायला शिकले. शिवाय जादूचे प्रयोगही! पुढे ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते जादू करायचे. फाळके उलटं केलं की केल्फा. आहे की नाही भारी?

आजच्या भाषेत बोलायचं तर या माणसाची एकच ब्रँच कधी ठरली नाही. घरच्यांना तेव्हाही टेन्शन आलंच असेल.

गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. त्या काळचा स्टुडिओ म्हणजे खिडकीतून किंवा छतातून येणारा उजेड, काचेची प्लेट आणि काही क्षण अगदी पुतळ्यासारखं बसलेलं गिऱ्हाईक. लहान मूल हललं की चेहऱ्याच्या जागी धुकं. म्हणजे लाँग एक्सपोजरचा त्रास फाळक्यांनी पोटापाण्यासाठी सोसला होता. १९००च्या सुमारास प्लेगची साथ आली आणि त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. गोध्रा सुटलं. बडोद्याला पुन्हा स्टुडिओ सुरू केला तर तिथे अफवा पसरली की फोटो काढला की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो. गिऱ्हाईक येईना. फाळके नाटकांचे पडदे रंगवू लागले.

१९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं. या सरस्वतीबाई. त्यांचं नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत त्या अर्ध्या भागीदार आहेत.

१९०३ साली फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली. सरकारी, पक्की, पगाराची. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट आली तेव्हा त्यांनी ती सोडली आणि छपाईच्या धंद्यात पडले. राजा रविवर्म्यांची चित्रं छापायच्या कामाचा त्यांना अनुभव होताच. रंगीत छपाईचं नवं तंत्र शिकायला आणि यंत्रं आणायला ते १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आले. प्रेस नावारूपाला आला आणि भागीदारांशी पटेनासं झालं. फाळके बाहेर पडले. वय चाळीस, हातात नोकरी नाही, धंदा नाही, घरात मुलंबाळं.

अशा वेळी गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण चालायला लागले. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला आवडते ती पुढची.

हा माणूस घरी येऊन स्वप्नं बघत बसला नाही. तो रोज सिनेमे बघायला लागला, सरस्वतीबाईंनाही घेऊन गेला. सिनेमाची पुस्तकं, कॅटलॉग, भिंग, फिल्मचे तुकडे, मेणबत्ती, जे मिळेल त्यावर रात्र रात्र प्रयोग. झोप नाही. घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या जाऊ लागल्या. आणि काही महिन्यांनी डोळ्यांनी संप केला! दिसेनासं झालं. चित्रकार, फोटोग्राफर, छपाईवाला. ज्याची सगळी विद्या डोळ्यांत, त्याचे डोळेच गेले. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली, आणि परत येताच साहेब पुन्हा कामाला लागले. आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री जागावं लागलं की आपण केवढा इश्यू करतो!

पुस्तकी अभ्यास पुरेना, तेव्हा फाळक्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. ओळख ना पाळख. तिथे ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाच्या ऑफिसात ते थेट संपादकांना भेटायला गेले. संपादक कॅबोर्न यांनी आधी परावृत्त करायचा प्रयत्न केला, पण या माणसाची तयारी बघून त्यांना निर्माते सिसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवलं. हेपवर्थनी वॉल्टनचा आपला स्टुडिओ त्यांना उघडा करून दाखवला. फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र असं सामान घेतलं आणि एप्रिलमध्ये ते मुंबईला परत आले. सामान मागून बोटीने आलं. दादरच्या घरी त्यांनी ते स्वतःच जोडलं.

आता खरा प्रश्न. कॅमेरा आहे, अक्कल आहे, पैसा नाही. हिंदुस्थानात घरच्या घरी सिनेमा बनू शकतो यावर कुणाचाही विश्वास नाही. तोपर्यंत आपल्याकडे काहीच झालं नव्हतं असं नाही. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ सालीच मुंबईत कुस्तीचा सामना चित्रित केला होता. दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ १९१२च्या मे महिन्यात लागला होता. ते नाटकाचं चित्रीकरण होतं आणि त्याची फिल्म धुवायला परदेशी पाठवली होती. फाळक्यांना तर सगळं इथेच करायचं होतं. चित्रीकरण, धुणं, छापणं, सगळं. मग सावकाराला पटवायचं कसं?

आपण असतो तर पॉवरपॉइंट केलं असतं. फाळक्यांनी वाटाणा पेरला.

कुंडी एका जागी पक्की ठेवली. तिच्यापुढे कॅमेरा पक्का केला. आणि महिनाभराहून जास्त दिवस ते त्या कुंडीची एकेक फ्रेम घेत राहिले. म्हणजे ज्या कॅमेऱ्यासाठी विमा गहाण पडला, तो एका वाटाण्यासमोर! शेजारपाजारच्यांनी काय म्हटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

यातलं गणित बघा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं पडद्यावर दाखवत. हँडल सेकंदाला दोन वेळा फिरवायचं, एका फेऱ्यात आठ चित्रं. रोज एकच चित्र घेतलं तर तीस दिवसांची तीस चित्रं, म्हणजे पडद्यावर दोन सेकंदसुद्धा नाहीत. एक मिनिटाची फिल्म हवी तर ९६० चित्रं लागतात. महिनाभरात एवढी घ्यायची तर रोजची ३२. बारा तासांच्या उजेडात दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. प्रत्येक वेळी हँडल मोजून फिरवायचं, कॅमेऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, आणि सकाळचा उजेड, दुपारचा उजेड, ढगाळ उजेड हे सगळं सांभाळायचं. आज हे काम कॅमेऱ्यातला टायमर करतो. तेव्हा टायमर म्हणजे स्वतः माणूसच होता.

पण निकाल काय आला! बी फुटतं, अंकुर वर येतो, डुलतो, आधार शोधतो, वेल चढतो. ‘अंकुराची वाढ’ हे त्या फिल्मचं नाव. आधी आपण बघितलं की फ्लॅश वेगवान गोष्टीला थांबवतो. इथे उलटं आहे. जे इतकं सावकाश चालतं की डोळ्याला थांबल्यासारखंच दिसतं, त्याला फाळक्यांनी चालवून दाखवलं. बंदुकीची गोळी आणि वाटाण्याचा कोंब, दोन्ही आपल्या डोळ्याला दिसत नाहीत. एक फार जोरात म्हणून, दुसरा फार हळू म्हणून. वेळेचे तुकडे करता आले की दोन्ही दिसतात.

फिल्म ज्यांना दाखवली ते थक्क झाले आणि पैसा उभा राहिला. बघा, गुंतवणूकदाराला कथा ऐकवून नव्हे, चालणारा प्रोटोटाइप दाखवून पटवलं. प्रोजेक्टच्या व्हायव्हाला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आणि आता सरस्वतीबाई. तेव्हा येणाऱ्या कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं नसत. ती अंधारात, यंत्रावर, एकसारख्या अंतराने पाडावी लागत. अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र उड्या मारणार. हे काम सरस्वतीबाई करायच्या. दिवसभर घरकाम, आणि रात्री फिल्मला भोकं. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. तिथे रसायनं मिसळून फिल्म धुण्यातही त्यांचा हात होता. ‘राजा हरिश्चंद्र’चं शूटिंग सुरू झालं तेव्हा उन्हात पांढऱ्या चादरी धरून कलाकारांवर उजेड पाडणं, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणं, हेही त्यांच्याकडेच. विजेचे दिवे नाहीत, फ्लॅश नाही. सूर्य हाच लाइटमन आणि सरस्वतीबाई रिफ्लेक्टर! दागिनेही त्यांनी दिले. पुरस्काराला नाव एकाचंच आहे, पण काम दोघांचं होतं, हे निदान आपल्यापुरतं तरी लक्षात ठेवूया.

‘राजा हरिश्चंद्र’ तयार व्हायला सहा-सात महिने लागले. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सुमारे ३७०० फूट लांबीचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला.

त्यानंतर फाळके नाशिकला गेले आणि जादूगाराने टोपीतून ससे काढावेत तसे सिनेमे काढू लागले. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघांचंही काम साळुंक्यांनीच केलं. १९१८च्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये कंसाचं डोकं धडावेगळं होऊन हवेत जातं आणि परत जागेवर येतं. १९१९च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. हे चमत्कार कसे केले? कॉम्प्युटर नव्हताच. फ्रेमचा काही भाग काळा झाकून फिल्म चालवायची, मग ती उलटी गुंडाळून तोच भाग उघडा ठेवून पुन्हा एक्सपोज करायची. एकाच फिल्मवर दोनदा प्रकाश. फेऱ्यांचा हिशोब एकानेही चुकला की सगळी मेहनत पाण्यात. वाटाण्याच्या कुंडीपुढे जो धीर शिकले, तोच इथे कामाला आला.

आणि एक गंमत. त्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्राला मिळणारा उजेड साधारण एक बत्तीसांश सेकंदाचा. एवढ्या वेळात हलणारा हात पाच-सहा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे एकेक फ्रेम थोडी अस्पष्टच असते. फोटोग्राफर म्हणून जो फराटा चूक ठरला असता, तोच सिनेमात हालचाल सलग वाटायला मदत करतो. गोध्र्याच्या स्टुडिओत ज्या हलण्याने प्लेट वाया जायच्या, त्याच हलण्यावर फाळक्यांनी पुढचं आयुष्य काढलं.

शेवट मात्र गोड नाही. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, पण भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. ते सगळं सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, आणि पुन्हा कंपनीत परतले. तोवर काळ बदलत होता. १९३१ साली बोलपट आला. सेकंदाला १६ ऐवजी २४ चित्रं, ध्वनी, वीज, मोठे स्टुडिओ, मोठा पैसा. १९३७ साली कोल्हापुरात त्यांनी ‘गंगावतरण’ केला, तोच त्यांचा शेवटचा चित्रपट. नव्वदहून जास्त चित्रपट केलेला हा माणूस उत्तरायुष्यात पैशाच्या ओढगस्तीत राहिला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला गेला. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ साली, पंचवीस वर्षांनी. त्यांच्या बहुतेक फिल्म आज शिल्लक नाहीत. काहींचे तुकडे तेवढे उरले आहेत.

मग फाळक्यांकडून आपण काय घ्यायचं? मोठी स्वप्नं बघा, हे सांगायला पुष्कळ लोक आहेत. मला वेगळंच वाटतं. फाळके बाविसाव्या वर्षी प्लेस झाले नाहीत, चाळिसाव्या वर्षी बेकार होते. पण चित्रकला, फोटो, छपाई, रसायनं, जादू, नाटकाचे पडदे. त्या त्या वेळी वाया गेलेली वाटणारी एकेक वर्षं बेचाळिसाव्या वर्षी एकत्र जोडली गेली. रोज बघायला गेलं तर वाढ दिसत नाही. वाटाण्याचीही दिसत नाही! ज्यांना बॅक लागली आहे, ज्यांचं या कॅम्पसमध्ये झालेलं नाही, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आणि एक करून बघा. मेसमधून चार सुके वाटाणे मागून आणा. रात्रभर भिजवा, डब्यात माती घालून हॉस्टेलच्या खिडकीत लावा. मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून पक्का करा आणि दर अर्ध्या तासाने एक फोटो घ्यायचं सेटिंग लावा. आता नागपूरचं ऊन आहे, तेव्हा पाणी घालायला विसरू नका. आणि रूममेटला आधीच सांगून ठेवा की काहीही झालं तरी डब्याला हात लावायचा नाही!